मधली चटई

जूनपासून आभाळानं थेंब टाकला नव्हता. गावातल्या टाक्या तळाला गेल्या होत्या, म्हणून मानासे आणि त्याचा मुलगा लिसिआते रोज पहाटे घोडागाडी घेऊन बेटाच्या पलीकडच्या विहिरीवर जात. पाणी मचूळ होतं, पण डुकरं तक्रार करत नव्हती आणि माणसांना आता कुणी विचारत नव्हतं. मानासे बादली ओढायचा, लिसिआते पिंपात ओतायचा. चौदाव्या वर्षी पोराचे खांदे बापाला भिडले होते. शब्द मात्र अजून फुटायचे होते. दोन पिंपं भरेस्तोवर तो साधारण तीन शब्द बोले, त्यातले दोन घोड्याशी.

परतीच्या वाटेवर हेडमास्तर सेमिसी आडवे आले. शनिवार असूनही कमरेला मानाची चटई गुंडाळलेली. म्हणजे निरोप कुणा थोरामोठ्याचा होता.

"मानासे, तुझ्या अक्काचा राजधानीहून फोन होता."

मानासे गाडीवरून खाली उतरला. बहिणीचा निरोप उंचावर बसून ऐकायचा नसतो.

"तुझ्या दाजींचा दुसरा पायही कापला. साखर. त्यांच्या घरात माणूस हवंय. टर्म संपता संपता त्या येतील आणि शुक्रवारच्या बोटीनं वैसिनियाला घेऊन जातील."

"बरं."

"काय बरं? पंधरा वर्षांची पोर, शाळा सोडून धुणीभांडी करायला जाणार! आख्ख्या बेटावर ते कोडिंग तिच्या एकटीच्या डोक्यात शिरतं. ती गेली की ऑस्ट्रेलियावाल्यांपुढं मी काय नाचून दाखवू?"

"मग तुम्ही सांगा ना अक्काला."

"मी कशाला सांगू? ती काय माझी बहीण आहे?" हेडमास्तर दचकून म्हणाले. "तुझी आहे. तू सांग."

दोघांनीही घोड्याकडं पाहिलं. घोड्यालाही बहीण असावी, कारण तो काही बोलला नाही. ह्या बेटांवर बहिणीला नाही म्हणणारा भाऊ अजून जन्मायचा होता. एक जन्मला होता असं म्हातारे सांगत, पण तो लगेच न्यूझीलंडला निघून गेला.

पोरांची आई मेलेआने ऑस्ट्रेलियात कुठंतरी बेरी तोडत होती. तिचा हंगाम नोव्हेंबरात संपणार होता. तोवर घरात मानासे आणि दोन पोरं. पोरगी गेली तर दोनच माणसं. पण मानासेला घराची काळजी नव्हती. त्याला वैसिनियाचा चेहरा दिसत होता. टाकीच्या कट्ट्यावर वही घेऊन बसलेली, ओठ हलवत, कुणालाच न दिसणाऱ्या कसल्यातरी गोष्टीशी भांडत असलेली. तो चेहरा आता दाजींच्या मोरीत भांडी घासणार होता.

*

ऑस्ट्रेलियावाले म्हणजे ब्रिस्बेनजवळची एक मोठी शाळा. दोन वर्षांपूर्वी त्यांचं पत्र आलं होतं, की आम्हाला तुमची भगिनी-शाळा व्हायला आवडेल. हेडमास्तरांनी ते पत्र चर्चमध्ये वाचून दाखवलं. बहीण म्हटल्यावर तिचा शब्द मोडायचा नाही, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं होतं. भगिनी-शाळेनं झाडं लावायला सांगितली, लावली. फोटो मागितले, पाठवले. कचऱ्यावरचं गाणं पाठवलं, पोरांनी ते चार आवाजांत इतकं सुंदर म्हटलं की गावातल्या बायकांना प्रार्थना वाटून रडू आलं.

मग एक खोकं आलं. त्यात दोन लॅपटॉप आणि काडेपेटीएवढे काही इलेक्ट्रॉनिक तुकडे. एका लॅपटॉपमध्ये महिन्याभरात मुंग्यांनी संसार थाटला. दुसऱ्यावर वर्गातली अकरा पोरं शिकू लागली. दर बुधवारी भर दुपारी पडद्यावर ब्रॉन्विनबाई यायच्या. लालबुंद गाल, अखंड उत्साह, आणि दर वाक्यानंतर "छान!"

टर्मअखेरीस दोन्ही शाळांनी एकमेकींना काहीतरी करून दाखवायचं होतं. बेटावरच्या पोरांनी ठरवलं, शाळेच्या सिमेंटच्या टाकीत तरंगता गोळा सोडायचा आणि त्याला एक तुकडा जोडायचा. पाणी खुणेच्या वर असेल तर दिवा हिरवा, खाली गेलं की लाल. लाल झाला की टाकीच्या कुंपणाच्या फाटकाला कुलूप, उरलेलं पाणी फक्त पोरांना प्यायला. दुष्काळात ती टाकी गावाची होती आणि कुलूप कधी लावायचं यावरून दोन वेळा मारामारी झाली होती.

बाईंचा नियम असा, की एका यंत्रावर दोघांनी बसायचं. एकानं विचार करून सांगायचं, दुसऱ्यानं टंकायचं. जोडी त्यांनीच निवडली. वैसिनिया सगळ्यात हुशार, म्हणून ती. आणि तिच्याबरोबर लिसिआते, कारण आडनाव एक, घर एक, सरावाला सोपं. बाईंचा हेतू चांगला होता. वाईट हेतूनं एवढा घोळ होत नाही.

ह्या बेटांवर वयात आलेले बहीण-भाऊ एका पडद्यासमोर बसत नाहीत. थट्टा करत नाहीत, वाद घालत नाहीत. भाऊ वेगळ्या खोपटात झोपतो आणि बहीण घरात असली की दारातून आवाज देतो. हे ब्रॉन्विनबाईंना सांगायला हवं होतं. त्याऐवजी हेडमास्तर म्हणाले, "उत्तम, मॅडम." मग ते सगळा घोळ घेऊन मानासेच्या घरी आले.

शेवटी तोडगा मानासेनंच काढला. वर्गात आडवी दोरी बांधली आणि तिच्यावर झोपायची जुनी चटई टाकली. एका बाजूला वही घेऊन वैसिनिया, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप घेऊन लिसिआते. चटईच्या टोकाशी, जिथून दोघं दिसतात, तिथं स्वतः मानासे. वडीलधारं माणूस मध्ये असलं की बोलायला हरकत नसते.

"बाबा, त्याला सांगा, पाणी मोजायचं आणि मग थांबायचं."

"लिसि, मोज आणि थांब."

"किती थांबू?"

"किती थांबू म्हणतोय."

"एक सेकंद."

"एक सेकंद. सेकंद म्हणजे नक्की केवढा गं?"

"बाबा, तुम्ही नुसतं सांगा ना."

लिसिआतेची बोटं जाड होती. एक कळ दाबताना तीन दबायच्या. तो पुसायचा, पुन्हा दाबायचा, आणि घाम हनुवटीवरून टपकू नये म्हणून खांद्याला पुसायचा. एकदा तो मध्येच थांबला. पडद्याकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. काहीतरी चुकलेलं त्याला दिसत होतं, पण बहिणीचं चुकलं असं म्हणायची सोय नव्हती.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "कंप्यूटरचं असं म्हणणं आहे, की तिसऱ्या ओळीत काहीतरी राहिलंय."

चटईमागं वहीची पानं उलटली.

"कंप्यूटरला म्हणावं, त्याचं बरोबर आहे," वैसिनिया म्हणाली. "कंप्यूटर हुशार आहे."

लिसिआतेचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर त्यानं तब्बल सहा शब्द बोलून दाखवले.

संध्याकाळी कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायच्या बैठकीत गावकरी मानासेची वाट पाहत असायचे. "ये ये, मास्तर. आज कंप्यूटर काय म्हणाला?" मानासे करवंटी तोंडाला लावायचा आणि म्हणायचा, "तुझ्याबद्दल विचारत होता. हा अजून उधारीचा कावा पितो का म्हणाला." हशा व्हायचा. पण घरी जाताना मानासे मनातल्या मनात घोळवत जायचा, जर पाणी खाली तर लाल, नाहीतर हिरवा. त्याला ते आवडायला लागलं होतं. जगात एवढं स्पष्ट कुणीच बोलत नाही.

ब्रॉन्विनबाईंना मात्र चटई दिसली.

"तिकडे ते काय टांगलंय? वैसिनिया कुठंय?"

"मान आहे तो, मॅडम," हेडमास्तर म्हणाले.

"कुणाचा?"

"मुलीचा."

बाईंचा चेहरा दवाखान्यातल्या नर्ससारखा झाला. त्यांचं पत्र आलं. मुलींना आडोशाला बसवणं आमच्या मूल्यांत बसत नाही. समारोपाला वैसिनिया भावाशेजारी कॅमेऱ्यासमोर दिसावी. न दिसल्यास पुढच्या वर्षीचा विचार करावा लागेल.

हेडमास्तरांनी उत्तर लिहिलं, "उत्तम, मॅडम."

*

समारोपाच्या आठवड्यात सोमवारच्या बोटीनं तोआकासे अक्का आली. दोन माणसांनी हात देऊन तिला धक्क्यावर उतरवलं. घरातली एकुलती खुर्ची तिला दिली, बाकीचे खाली बसले. सगळ्यात मोठा मासा तिच्या पुढं, कोनफळाचा मधला मऊ भाग तिच्या पुढं. ती जेवेस्तोवर कुणी हात लावला नाही. हे असंच असतं आणि मानासेला त्यात कधी काही लागलं नाही. लहानपणी झाडावरचा पहिला आंबाही तिचाच असे.

जेवून झाल्यावर ती म्हणाली, "इकडं ये गं. हात दाखव."

वैसिनिया गुडघ्यांवर सरकत पुढं आली आणि तळवे उघडले.

"एक चरा नाही. काय करते ही दिवसभर?"

"विचार करते, अक्का," मानासे म्हणाला.

"घरात विचार करायला मी आहे. मला हात हवेत." मग तिचा आवाज खाली आला. "त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, परत निजवायचं. दिवसातून चार वेळा. परवा मला उचलवेना. दोघं जमिनीवर पडलो आणि शेजारीण येईपर्यंत तसेच पडून राहिलो. तक्रार करत नाही. नुसतं सांगतेय."

तक्रार केली असती तर उत्तर देता आलं असतं.

"शुक्रवारी निघू," अक्का म्हणाली.

"बरं, अक्का."

"बरं, आत्या," वैसिनिया म्हणाली. ती उठून डुकरांचा नारळ खवायला मागच्या दारी गेली. लोखंडी दातांवर नारळ किती तरी वेळ खरडत होता. त्या रात्री डुकरांना वड्यांना लागतो तसा बारीक खव मिळाला.

लिसिआते चुलीच्या खोपटात होता. बहीण घरात म्हणून तो आत आला नव्हता. पण खोपटाच्या भिंती नारळाच्या झावळ्यांच्या होत्या आणि झावळ्यांतून सगळं ऐकू येतं.

*

बुधवारी दुपारी वर्गाचं छप्पर तापून कडकड वाजत होतं. मानासे धुतलेला शर्ट घालून चटईच्या टोकाशी बसला. बाहेर टाकीजवळ निम्मं गाव. अक्का आली आणि तिनं हे सगळं उभ्यानंच पाहिलं.

"तू इथं कशाला?"

"मध्ये बसतो मी. हिचं त्याला सांगायला."

"ऊठ. भावंडांच्या मध्ये आत्या असताना बाप कशाला?"

मानासे उठला. खुर्ची आली. तो अक्काच्या पायाशी जमिनीवर बसला.

पडद्यावर ब्रॉन्विनबाई आणि गणवेशातली साठेक पोरं दिसू लागली. बाईंनी हात हलवला, आणि मग त्यांना चटई दिसली. त्या काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणतेय?" अक्कानं विचारलं.

"चटईचं कौतुक करताहेत," हेडमास्तर म्हणाले.

"सेमिसी, मी एकोणीस वर्षं टपालात काढली आहेत. लोकांची तोंडं बघून पाकिटात काय आहे ते ओळखते. खरं बोल."

हेडमास्तरांनी खरं सांगितलं. अक्कानं खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढून घेतली. टपाल खात्यात शिकलेल्या इंग्रजीत, एकेक शब्दावर शिक्का मारल्यासारखं ती बोलू लागली.

"बाई, मला नीट बघा. मी खुर्चीवर आहे. हा जमिनीवर बसलाय तो माझा भाऊ. बावन्न वर्षांचा आहे, माझ्याहून ताकदवान आहे, आणि मी म्हटलं तर आत्ता समुद्रात जाऊन उभा राहील. राहशील ना रे?"

"हो, अक्का."

"चटई पोरीला लपवायला नाही टांगलेली. पोराला त्याची पायरी कळावी म्हणून टांगलीय. तुमच्या पोरींना असं काही मिळतं का?"

पडद्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, "बाई, आम्हालाही एक चटई मिळेल का?" साठ पोरं हसली. ब्रॉन्विनबाईंनी तोंडावर हात ठेवला आणि मग त्याही हसल्या. "माफ करा," त्या म्हणाल्या. "चालू द्या."

हेडमास्तरांनी फाटक उघडायला सांगितलं. पहिल्याच बाईनं बादली बुडवली आणि दिवा लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. पाणी तर अजून खुणेच्या चार बोटं वर होतं. दिवा मंत्र्याच्या गाडीसारखा लुकलुकत राहिला. बाहेर कुणीतरी ओरडलं, "लाल झाला! लावा कुलूप!" "कुणाला कुलूप लावतोस रे?" असं उत्तरही आलं.

लिसिआतेचे हात कळांवर थिजले. मानासेला तिथून चटईमागच्या पोरीचे फक्त ओठ दिसत होते. हलत होते.

"आत्या," ती म्हणाली, "त्याला सांगा, लगेच विश्वास ठेवायचा नाही. अकरा वेळा मोजायचं. अकराही आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायचे आणि मधला धरायचा."

"का गं?"

"बादली बुडली की पाणी उसळतं. एकदाच पाहिलं तर फसगत होते."

अक्का क्षणभर चटईकडं पाहत राहिली. मग वळली. "लिसि, अकरा वेळा मोज, ओळीनं लाव, मधला धर. आणि सावकाश. तुझं बोट आहे की केळं?"

लिसिआते टंकत गेला. अक्का एकेक ओळ ह्या बाजूनं घेऊन त्या बाजूला देत गेली. मध्ये एकदा "कंप्यूटरचं असं म्हणणं आहे…" असं लिसिआतेनं सुरू केलं, तेव्हा ती गोंधळली नाही. तेही तिनं गंभीरपणे पलीकडं पोचवलं. पाऊण तास गेला. शेवटी बायकांनी ओळीनं वीस बादल्या काढल्या आणि दिवा हिरवा राहिला. पाणी उतरलं, गोळा खुणेखाली गेला, आणि दिवा लाल होऊन लालच राहिला. फाटक लागलं. कुणी भांडलं नाही. पडद्यावर टाळ्या वाजत राहिल्या आणि पुढच्या वर्षीच्या तारखा तिथंच ठरल्या.

घरी जाताना अक्का मानासेच्या खांद्यावर हात टेकून चालत होती.

"पोरगी हुशार आहे रे."

"हो, अक्का." मानासेच्या छातीत काहीतरी उसळलं.

"बरं झालं. औषधांच्या वेळा पाळेल. सुईही टोचेल नीट."

"हो, अक्का," मानासे म्हणाला. उसळलेलं त्यानं अकरा वेळा मोजलं. अकराही वेळा उत्तर एकच आलं, पोरगी जाणार.

*

गुरुवारी लिसिआतेनं भुईतली भट्टी लावली. दगड तापवले, डुकराचं मांस आणि कसावा पानांत बांधून पुरलं, वर माती ओढली. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर त्यानं टोपली आणली. वैसिनिया शेजारच्या घरी कपडे घ्यायला गेली होती, म्हणून तो आत आला. टोपली आत्यापुढं ठेवली, पण गेला नाही. खाली मांडी घालून बसला.

"आत्या, मी येतो तुमच्याबरोबर."

"बोट बघायला?"

"आतोबांना उचलायला."

अक्काचा हात टोपलीवर थांबला. लिसिआते जमिनीकडं बघत बोलत होता. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. वाक्यं पिंपासारखी एकेक करून उतरत होती.

"ती उचलू शकणार नाही. तुम्ही दोघी पडाल. मी भरलेलं पिंप एकटा चढवतो. भट्टी लावतो. कपडे धुतो, आई ऑस्ट्रेलियाला गेल्यापासून माझे मीच धुतो. आतोबांना न्हाऊ घालायचं तर बाईमाणसापेक्षा मी बरा."

"तुझ्या बापानं शिकवलं हे?"

"बाबा तुम्हाला नुसतं 'बरं' म्हणतात."

अक्का हसायला लागली. हसता हसता तिच्या कंबरेत कळ आली आणि ती थांबली.

"तुझी शाळा?"

"मला जमत नाही ते, आत्या. मी नुसतं दाबतो."

"खोटं बोलू नकोस. तिसऱ्या ओळीतलं मी ऐकलंय, हेडमास्तर गावभर सांगत फिरतो." ती मानासेकडं वळली. "तुला काय म्हणायचंय?"

मानासेनं भावाला शोभेल असं उत्तर शोधलं. कोनफळांची लावणी तोंडावर होती. पोरगा गेला तर खड्डे एकट्यानं खणायचे.

"तुझं म्हणणं, अक्का."

"माझं म्हणणं! चाळीस वर्षं माझंच म्हणणं चाललंय. पहिला मासा माझा, पहिला आंबा माझा, मी घेतेय आणि तू देतोयस. एकदा तरी उलटून बोलायचंस, मला बरं वाटलं असतं." तिनं टोपली उघडली. मांसाची वाफ वर आली. तिनं मधला मऊ तुकडा काढला आणि लिसिआतेपुढं ठेवला. "खा. उद्या बोटीत उलट्या करशील. तिथं माझ्या घरामागंच शाळा आहे. आतोबा दुपारी झोपतात, तेव्हा जायचं. आणि पोरीला सांग, तिचे कपडे परत खुंटीला लाव म्हणावं."

"मी कसं सांगू?" लिसिआते म्हणाला. "तुम्ही सांगा."

*

शुक्रवारी धक्क्यावर लिसिआतेनं आत्याचं सगळं सामान चढवलं, मग आत्याला चढवलं. वैसिनिया दोन माडांच्या अंतरावर उभी होती. अक्कानं कठड्यावरून वाकून विचारलं, "काही सांगायचंय का गं त्याला?"

वैसिनियानं ओठ हलवले. बऱ्याच गोष्टी असाव्यात. त्यातली एक निघाली.

"जेवत जा म्हणावं."

"जेवत जा म्हणतेय."

"बरं म्हणावं," लिसिआते म्हणाला आणि समुद्राकडं तोंड करून उभा राहिला. बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर पडेपर्यंत त्याची पाठ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मानासे लावणीच्या शेतावर पोचला, तर वैसिनिया आधीच खड्ड्यात उतरलेली. बायका ह्या शेतात येत नाहीत. तिनं भावाचा जुना शर्ट घातला होता आणि भाजलेल्या विटेसारखी माती ती हातांनी उपसत होती. दोन नखं तुटली होती.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"एकट्यानं किती कराल?"

"हेडमास्तरांनी काल ठरवलेला कोडिंगचा वर्ग आज आहे ना? लहान पोरांना तू शिकवणार होतीस."

"त्यांना सांगेन पुढच्या शनिवारी. आधी हे होऊ दे."

"वर ये."

"बाबा, निम्मा तरी—"

"वर ये," मानासे म्हणाला. आयुष्यात त्यानं कुणाला एवढ्या मोठ्यानं काही म्हटलं नव्हतं. "मग तो गेलाय कशाला?"

वैसिनियानं मुठीतली माती टाकली. मग खड्ड्याच्या कडेवर हात टेकून वर आली. शर्टाला माती पुसली, पुन्हा पुसली, आणि पळतच शाळेच्या वाटेला लागली.

मानासे खड्ड्यात उतरला. तो जेमतेम गुडघ्याएवढा होता. कंबरेएवढा व्हायला हवा होता, आणि असे अजून साठ खणायचे होते.